चौऱ्याऐंशीपैकी चौऱ्याऐंशी

नाहूर, मुंबई
रविवार, ७ डिसेंबर १९८६

तीर्थस्वरूप धाकूकाका यांस,

नलिनीचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी सातच धरावीत. उजवं मनगट गेल्या बुधवारी कारखान्यात वाइसच्या पकडीत सापडलं. मोडलेलं नाही, सुजलं आहे. अक्षर वाकडं दिसलं तर कारण तेवढंच.) काकीचा गुडघा थंडीत कसा आहे? तुमच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्याला आता तीन महिने होतील. नवा चष्मा आला असेल तर बारीक अक्षर दिसतं का, ते जरूर कळवावं. हे केवळ रीत म्हणून विचारलेलं नाही. का विचारलं ते पुढे येईल. इकडे सगळे ठीक. दादाचा खोकला आहे तसा आहे. काकीने मे महिन्यात दादाच्या शेवंतीच्या घोट्यावरच्या खुणेबद्दल विचारलं होतं, तेव्हा पैंजण लागतं असं मी सांगितलं होतं. खूण अजून आहे.

सहा महिने माझं पत्र नाही याचं कारण तुम्हाला माहीत आहे. कारण तुमचं कार्ड. शेवंतीला न्यायला मी आले तेव्हा तुम्ही तोंडाने काही बोलला नाहीत, एसटीत बसवून दिलंत, आणि आम्ही इथे पोचल्यावर चौथ्या दिवशी कार्ड आलं: ‘चि. शेवंती पाच आठवडे येथे होती. मुलगी वांड आहे. दळणाचा डबा वाटेत तीन वेळा विसरली. विहिरीच्या कठड्यावर दोन वेळा चढली. वासरू चार वेळा सोडले. पुढील वर्षी पाठवू नये. कळावे.’ पाकिटात घातलं असतंत तर ते घरातच राहिलं असतं. पण तुम्ही बत्तीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलेलं, आणि कार्डावर मावतं त्याला पाकीट लावू नये हा तुमचा नियम. आमच्या बिल्डिंगमध्ये पोस्टमन सगळं टपाल तळमजल्यावरच्या नंदकुमारकडे टाकतो. नंदकुमार वाचनाचा शौकीन आहे. त्या संध्याकाळपासून शेवंती जिन्यात दिसली की पोरं ‘वांड आली, वांड आली’ म्हणतात. (ती त्यांच्यात सामील होऊन स्वतःही म्हणते. तिला ते नाव आवडलं आहे.) दादाने कार्ड फाडलं, पण तोपर्यंत मी ते दोनदा वाचलं होतं. मी तुम्हाला चार वाक्यांचं उत्तर लिहिलं आणि टाकलं नाही. चारही वाक्यं चुकीची होती असं आता वाटतं, म्हणून हे पत्र.

आता शाळेचं सांगते. शेवंती चौथीत आहे. चौथीला स्कॉलरशिपची परीक्षा असते आणि तिचा निकाल शाळेच्या फळ्यावर लागतो, म्हणून शाळेला चौथीत कुणाकुणाची अडचण होते. शेवंती गणित अर्धं सोडवते आणि बरोबर सोडवते. दुसरा अर्धा वहीत नसतो. उत्तराचं पहिलं वाक्य असतं, दुसरं नसतं. प्रार्थनेला ती रांगेच्या पहिल्या टोकाला उभी राहते आणि ‘जन गण मन’ संपेपर्यंत दुसऱ्या टोकाला असते. ऑगस्टमध्ये तिने दुपारी अडीच वाजता शाळेची घंटा दिली. शिपाई चहाला गेला होता आणि दोरी लोंबत होती, एवढंच कारण तिने सांगितलं. पहिली ते चौथीचे आठही वर्ग घरी गेले. दोन शिक्षिकाही गेल्या. हेडमास्तरांनी दादाला बोलावून सांगितलं की मुलीला मोठ्या डॉक्टरांना दाखवा आणि तिला काय झालंय ते लेखी आणा, नाहीतर नाताळच्या सुट्टीआधी दाखला घेऊन जा. दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा. मध्येच काढलेल्या मुलीला चौथीत कुणी घेत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. ते आम्हाला माहीत होतं.

बिल्डिंगने तीन महिने आपापले उपाय सुचवले. जंताचं औषध, ब्राह्मीचं तेल, शनिवारी नारळ उतरवणं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त कंडक्टरांच्या मते कानाखाली एक. चारही झाले. जंत नव्हते. कान आणि डोळे सरकारी इस्पितळात तपासून घेतले, दोन्ही उत्तम आहेत. शेवटी माझ्या कारखान्यातल्या एका बाईने अंधेरीला एका ट्रस्टच्या दवाखान्यात मुलांसाठी शनिवारी वेगळं केंद्र असतं असं सांगितलं. तिथे डॉक्टर वर्दे म्हणून आहेत. मी शनिवारचा अर्धा दिवस टाकून शेवंतीला घेऊन गेले.

तिथे नंबरासाठी पितळेचे बिल्ले देतात. आमच्याआधी तेरा मुलं होती. मी कागद भरत होते तेवढ्या वेळात शेवंतीने चौदाही बिल्ले गोळा केले (मुलं तिला देतात, का देतात ते मला कळलेलं नाही), फरशीवर ओळीने मांडले, फ्रॉकला घासून कोणता जास्त चमकतो ते पाहिलं आणि परत वाटून टाकले. कुणाचा कोणता हे तिने मनात ठेवलं नव्हतं. त्यामुळे तोतरं बोलणाऱ्या मुलाला आत नेऊन अंथरूण ओलं करण्याबद्दल विचारलं गेलं, आणि अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाला डॉक्टरांनी वीस मिनिटं आकडे उलटे म्हणायला लावले. त्याने ते बरोबर म्हटले आणि त्याची आई आनंदाने रडली. हा घोळ एक वाजता उघडकीला आला. तोवर मी खरं सांगितलं नव्हतं. नंतरही नाही.

डॉक्टर वर्दे वयस्क आणि सभ्य आहेत. त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. काही मुलांचं लक्ष ठरत नाही आणि अंगही ठरत नाही. तो खोडसाळपणा नाही, मतिमंदपणा नाही, आईबापांनी लाडावल्याचा परिणामही नाही. इंग्रजीत त्याला अलीकडे एक लांबलचक नाव दिलं आहे, पूर्वी वेगळं होतं, आणि पुढल्या वर्षी पुन्हा बदलायचं घाटतंय म्हणाले. रक्त काढून किंवा फोटो काढून ते दिसत नाही. ते कळतं फक्त माणसांना विचारून: सात वर्षांच्या आधीपासून आहे का, सहा महिने टिकलं आहे का, आणि एकाच जागी आहे की जाईल तिथे आहे. मी अंधेरीला बॉयलरवरची दाबमापकं तपासते हे तुम्हाला माहीत आहे. मापकावर विश्वास ठेवायचा तर आधी ते खऱ्या दाबावर लावून बघावं लागतं. इथे मापकं म्हणजे माणसं, आणि त्यांना कुणी तपासून शिक्का मारलेला नाही. हे मी डॉक्टरांना म्हटलं नाही. म्हटलं ते दुसरंच. कागदभर अक्षरांतून ठरावीक अक्षर खोडण्याची एक परीक्षा असते, ती घेताना त्यांनी वापरलेलं स्टॉपवॉच मी माझ्या घड्याळाशी लावून पाहिलं. तीन मिनिटांत चार सेकंद मागे पडत होतं. मी सांगितलं. डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, “ताई, मुलीला दाखवायला आणलंय की मला तपासायला आलात?” मी गप्प बसायला हवं होतं. आधी स्टॉपवॉच, म्हटलं.

पण खरी वाट लागली ती शेवंतीमुळे. आठही वर्ग घरी पाठवणारी ही मुलगी डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत चाळीस मिनिटं बसली. पाय हलवले नाहीत. मधे बोलली नाही. अक्षरं खोडली, ठोकळे लावले, चित्र पुरं केलं. डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा हेडमास्तरांच्या पत्राकडे पाहून विचारलं, “हीच ना?” मला आयुष्यात एवढी लाज वाटली नव्हती, आणि लाज कशाची तर मूल नीट बसल्याची. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, आत कशी गं बसलीस?

“तो माझ्याकडेच बघत होता ना,” ती म्हणाली. “मग मी कुठे जाणार?”

(डॉक्टरांनी नंतर सांगितलं की असं होतं. नवी जागा, समोर एकच माणूस, त्याचं सगळं लक्ष आपल्यावर, की अशी मुलं तासभरही बसतात. म्हणून त्यांच्या खुर्चीतलं बसणं ते धरत नाहीत. वर्गात बासष्ट मुलं आहेत.)

म्हणून फॉर्म. एक शाळेने भरायचा, एक घरच्यांनी. अठ्ठावीस वाक्यं, प्रत्येकापुढे शून्य ते तीन यांतला एक आकडा. शून्य म्हणजे मुळीच नाही, तीन म्हणजे फारच. वाक्यं सगळी तक्रारीची आहेत, म्हणजे आकडा जितका मोठा तितकं मूल त्रासात. शाळेचा फॉर्म मी शेवंतीच्या वर्गशिक्षिका गुप्तेबाईंच्या हातात दिला. आठ दिवसांनी तो हेडमास्तरांच्या सहीशिक्क्यानिशी परत आला. चौऱ्याऐंशीपैकी चौऱ्याऐंशी.

आमच्याकडे काटा पार शेवटच्या आकड्यावर जाऊन टेकलेला दिसला तर दाब तेवढा आहे असं कुणी धरत नाही. मापक बिघडलं असं धरतात. मी वाक्यं पुन्हा वाचली. नवव्या वाक्यात ‘अखंड बडबडते’, तीन. सोळाव्यात ‘एकटी बसते, कुणाशी बोलत नाही’, तीन. मी गुप्तेबाईंच्या घरी मुलुंडला गेले. बाई चांगल्या आहेत, मायाळू आहेत, आणि त्या दिवशी त्यांनी बासष्ट प्रगतिपुस्तकं भरली होती. त्यांत त्रेसष्टावा कागद हा. इंग्रजीत, कार्बनची तिसरी प्रत, वाक्यं पुसट, पण पुढे तीनपर्यंतचे आकडे स्पष्ट. त्यांनी वाक्यं वाचलीच नव्हती. “अगं, पोरीला कधी कशात पैकीच्या पैकी पडलेत?” बाई म्हणाल्या. “सहामाहीला पाच विषयांत नापास. म्हटलं, इथे तरी हात आखडता नको.”

मी त्यांना वाक्यं मराठीत वाचून दाखवली. सातव्या वाक्यापाशी त्यांनी पदर तोंडाला लावला. पण फॉर्म बदलायला त्या तयार होईनात. त्यांच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकदा दिलेले मार्क कमी केलेले नाहीत. वाढवता येतात, फेरतपासणीत वाढतात, कमी कधी होत नाहीत, तसा नियमच आहे. शिवाय हेडमास्तरांचा शिक्का बसलेला. आणि हेडमास्तरांना इंग्रजी उत्तम येतं. त्यांनी तो फॉर्म अक्षरशः खरा धरला, एक प्रत शाळेच्या फायलीला लावली आणि दादाला निरोप धाडला की आता स्वतः वर्गशिक्षिकेनेच लिहून दिलं आहे. अशा रीतीने शेवंतीला आयुष्यात पहिल्यांदा पैकीच्या पैकी मिळाले.

घरचा फॉर्म मी भरला. दादा आणि विमलावहिनी यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी एकेक वाक्य मराठीत वाचत गेले आणि वहिनी सांगेल तो आकडा लिहीत गेले. चौथं वाक्य ‘बसवलेल्या जागेवरून पुन्हा पुन्हा उठते’ असं आहे. वहिनी पिना कार्डावर लावत होती. (ती हल्ली घरी सेफ्टी पिनांचं काम आणते, बारा पिनांचं एक कार्ड.) तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “उठते कुठे?” मी शून्य लिहिलं. बहुतेक ठिकाणी असंच झालं. बेरीज सहा आली. मी ती दोनदा तपासली आहे, बरोबर आहे.

काल डॉक्टरांनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले. शाळेत चौऱ्याऐंशी, घरी सहा. त्यांनी दोन्ही बेरजा बोट ठेवून तपासल्या. मग म्हणाले, हे एका मुलीचं नाही. एक तर शाळा खोटं बोलते किंवा घर. (शाळेच्या फॉर्मची हकीकत मी सांगितली. त्यांना हसू आलं आणि त्यांनी तो फॉर्म बाजूला ठेवला.) उरला घरचा. घरच्या फॉर्मवरून मूल व्यवस्थित आहे, आजार नाही. तसं लिहून दिलं की हेडमास्तर म्हणणार, आजार नाही म्हणजे मस्ती आहे, आणि मस्तीला दाखला आहे. उलट आजार आहे असं ठरलं तर डॉक्टर शाळेला सविस्तर पत्र देतील: पहिल्या बाकावर बसवा, काम थोडं थोडं द्या, वह्या वाटायला उठवा, काढू नका. औषधही आहे, पण ते नंतरचं. मात्र हे सगळं लिहायला त्यांना खरा कागद हवा. पुढची तारीख शनिवार, २० डिसेंबर. शाळा २४ला बंद होते.

रात्री दादाला सांगितलं. दादा गिरणी बंद पडल्यापासून वाद घालत नाही, निकाल देतो. “बास झालं नलू,” म्हणाला. “नकोच शाळा. विमलाबरोबर बसून पिना लावील.” शेवंती तेव्हा तिथेच होती. थोड्या वेळाने तिने मला विचारलं, एका कार्डावर बाराच पिना का असतात. मी सांगितलं, मोजायला सोपं. तिने चार पिना लावल्या आणि पाचवीपाशी थांबली.

तर असं आहे. तुम्ही दोघांनी प्रकृतीला जपावं. तुमचं कार्ड मी मनावर घेतलं त्याबद्दल क्षमा असावी. फॉर्म पाहिल्यापासून ते कार्ड मला वेगळं दिसू लागलं आहे. त्यात एकही विशेषण जास्त नव्हतं, आणि आकडे होते.

तुमची पुतणी
नलिनी

ता. क. सोबत एक कोरा फॉर्म आहे. प्रत्येक वाक्याखाली मी मराठी लिहिलं आहे, बारीक आहे, म्हणून चष्म्याचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे ही मुलगी सलग महिनाभर राहिली असं तिसरं कुणी आहे का. मी ‘बघते’ म्हटलं, पण बघायचं काही नव्हतं. आमच्या बाबांचं पत्र तिकीट कमी पडलं म्हणून तुम्ही नॉटपेड करून सख्ख्या भावाकडून दंड घेतला होतात. त्याच हाताने हा भरावा. दया करू नये, रागही धरू नये. मे महिन्यात पाहिलं तेवढंच लिहावं. येत्या गुरुवारपर्यंत (११ तारीख) टपालात पडला तर १८ला मला मिळेल. या खेपेला कृपा करून पाकीट लावावं.

दुसरा ता. क. तुम्ही विचाराल की घरचा फॉर्म खोटा आहे का. खोटा नाही. दाबमापकाच्या तबकडीवर शून्यापाशी एक बारीक खिळा असतो, काटा त्याच्या खाली जाऊ नये म्हणून. बिघडलेलं मापकही त्या खिळ्याला टेकून स्वच्छ शून्य दाखवतं. शेवंतीला पैंजण नाहीत. गेल्या फेब्रुवारीत वहिनी भात टाकत असताना ती खाली गेली आणि पाऊण तासाने रेल्वेच्या रुळांत बसलेली सापडली. सिग्नल बघत होती. तेव्हापासून शाळेतून आली की जेवणं होईपर्यंत ती खाटेच्या पायाला असते, जुन्या लुगड्याच्या काठाने. मंगळवारी आणि शुक्रवारी वहिनी पिनांची कार्डं पोचवायला जाते, तेव्हा गाठ मी मारते. काठ एक मीटर चाळीस आहे. मोरीपर्यंत पोचतो, दारापर्यंत पोचत नाही. माप मीच घेतलं. म्हणून ‘जागेवरून उठते’ याला शून्य. वहिनीने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी ‘बांधलेली असते’ असं लिहायला हवं होतं. त्याला रकाना नव्हता. डॉक्टरांना मी हे अजून सांगितलेलं नाही. २०ला तुमच्या फॉर्मबरोबर सांगीन. ही मुलगी मोकळी असताना कशी असते ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. तुमच्याकडे ती पाच आठवडे मोकळी होती.

तिसरा ता. क. वर मी ‘पाहिलं तेवढंच लिहावं’ असं म्हटलं आहे, त्याला एक अपवाद करावा. सत्ताविसावं वाक्य ‘दुसऱ्याच्या वस्तूंचं नुकसान करते’ असं आहे. डबा धरावा, कठडा चौथ्या वाक्यात धरावा. दाव्यातून सोडलेलं वासरू धरू नये.